मुंगळा वळण लक्षात ठेवतो की जागा? वाय-मेझच्या प्रयोगात काय चुकतंय?

टिटवी

नमस्कार. टीवायबीएस्सी प्राणिशास्त्राचा प्रकल्प आहे, तिघांचा गट, मुंबई. विषय: प्राणी वाट कशी शिकतात. पाठीचा कणा असलेला प्राणी वापरायचा नाही असं कॉलेजने आधीच बजावलंय, म्हणून मोठे काळे मुंगळे घेतले.

मांडणी अशी: सोसायटीच्या आवारात बदामाच्या बुंध्याशी मुंगळ्यांचं बीळ आहे. शेजारी स्टूल, त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. स्टुलावर जाड पुठ्ठ्याचा वाय आकाराचा मेझ (फाटे असलेला भूलभुलैया). मधली वाट १५ सें.मी., पुढचे दोन हात १०-१० सें.मी., रुंदी सगळीकडे २ सें.मी. बुंध्यापासून मेझपर्यंत लाकडी पट्टीचा पूल. डाव्या हाताच्या टोकाला साखरेच्या पाण्याचा थेंब, उजव्या टोकाला काहीच नाही.

आधी दोन तास मुंगळ्यांना मोकळं येऊ-जाऊ दिलं. मग एकेक सोडून मोजलं. १० पैकी ८ डावीकडे गेले. दुसऱ्या दिवशी साखर उजव्या हाताला ठेवली, तरी १० पैकी ७ डावीकडेच.

आता तीन शंका आहेत. याला "शिकले" म्हणता येईल का? मॅडम विचारतात की ते "डावीकडे वळ" हे शिकले की "साखर त्या तिथे आहे" हे, तर हे दोन वेगळे कसे काढायचे? आणि पाऊस लागला की मुंगळे डबीत भरून दुसऱ्या मजल्यावर आणून प्रयोग केला तर चालेल का?

---

वारूळ

मांडणी चांगली आहे, पाण्याच्या वाट्या तर उत्तमच. पण आत्ताच्या आकड्यांवरून "शिकले" म्हणता येणार नाही. कारण पुठ्ठा. दोन्ही दिवस तोच होता ना?

मुंगळा साखर पिऊन परत निघतो तेव्हा त्याच्याकडे नीट बघा. दर दोन-चार पावलांनी पोटाचं टोक खाली वाकवून जमिनीला टेकवतो. तो वासाचा माग आहे, आतड्याच्या शेवटच्या भागातून येतो. दोन तास मोकळी ये-जा म्हणजे डाव्या हातावर मागाचे थरच्या थर बसले. नंतर जो मुंगळा आला त्याने स्वतःच्या आठवणीने डावी बाजू निवडली की दुसऱ्याच्या वासामागे गेला, हे सांगायला काही मार्गच उरला नाही. दुसऱ्या दिवशीच्या ७ मध्येही त्या वासाचा वाटा असू शकतो. पुठ्ठा वास शोषून घेतो, स्पिरिटने पुसूनही तो पुरता जात नाही.

उपाय साधा आहे. मेझ पुठ्ठ्याऐवजी ऍक्रिलिकच्या पट्टीचा करा आणि वरून साध्या झेरॉक्स कागदाची २ सें.मी. रुंद पट्टी अंथरा. कडेला छोट्या क्लिपा लावा, डिंक किंवा सेलोटेप नको, त्यांना वास असतो. मुंगळा एक फेरी करून परत गेला की सगळ्या पट्ट्या काढायच्या, नव्या लावायच्या. फक्त डाव्या हाताची बदलली तर नवा कागद हीच खूण होते, म्हणून प्रत्येक हाताची बदलायची, मधल्या चौकासकट. पट्टी बोटांनी धरू नका, चिमट्याने धरा. ऍक्रिलिक दिवसातून एकदा स्पिरिटने पुसून पाच मिनिटं वाळू द्या.

आता पुढची गोष्ट, मुंगळ्यांना ओळख हवी. खुणा नसतील तर तुमच्या १० फेऱ्या म्हणजे चारच मुंगळे फिरून फिरून आलेले असू शकतात. मुंगळा साखर पिताना अगदी स्थिर असतो, त्याच वेळी टूथपिकच्या टोकाने पोटाच्या वरच्या बाजूला ऍक्रिलिक रंगाचा बारीक ठिपका द्यायचा. डोळे, मिशा आणि कंबरेचा सांधा यांना रंग लागता कामा नये. नेलपॉलिश वापरू नका, त्यातला द्रव मुंगळ्याला बाधतो. पोट भरलं हे कळायला घड्याळ लागत नाही: पोटावरच्या काळ्या पट्ट्या एकमेकींपासून सरकतात आणि मधली फिकट कातडी दिसायला लागते.

साखर मोजून घ्या. ३४ ग्रॅम साखर, वरून पाणी घालून एकूण १०० मि.ली. हे साधारण १ मोलर (द्रावणाच्या तीव्रतेचं माप) होतं. गूळ नको, त्याचा वास लांबून येतो. पाणी रोज नवीन करा, आपल्याकडच्या उकाड्यात ते एका दिवसात आंबतं. रिकाम्या हातावर तेवढ्याच आकाराचा नुसत्या पाण्याचा थेंब हवा, नाहीतर मुंगळा ओलाव्याकडे वळला असंही म्हणता येईल.

डबीत भरून आणायचं मात्र मनातून काढा. बिळापासून तोडलेला मुंगळा अन्न शोधत नाही, सुटका शोधतो. तो मेझच्या कडेकडेने धावत राहील आणि साखरेच्या थेंबावरून तसाच पुढे जाईल. हा सगळा प्रयोग चालतो तो एकाच कारणाने: मुंगळा पोट भरून घरी जातो, तोंडातून इतरांना वाटतो, पोट रिकामं झालं की पुन्हा येतो. ते चक्र तुटलं की शिकण्याचं कारणच संपलं. पावसाळ्यात करायचंच असेल तर काही शे कामकरी आणि त्यांच्याबरोबर अळ्या-कोष एका मोठ्या डब्यात, तळाला ओलसर प्लास्टर ऑफ पॅरिस, आणि त्या डब्यातून मेझवर पूल. अळ्या हव्याच, त्यांना भरवायचं असतं म्हणून कामकरी बाहेर पडतात.

आणखी एक, दमट हवेत पुठ्ठा वाकतो. एक हात दोन-तीन मि.मी. झुकला तरी दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत. सुताराची लेव्हल ठेवून बघा, नसेल तर गोटी ठेवा. ती आपोआप गडगडली तर मेझ सपाट नाही.

---

दादर_टीटी

मॅडमचा प्रश्न जुना आणि फार मोलाचा आहे. टोलमन, रिची आणि कॅलिश या मानसशास्त्रज्ञांनी तो १९४६ मध्ये उंदरांसाठी सोडवायला घेतला. त्यांची युक्ती तुम्हाला जशीच्या तशी वापरता येईल, पण त्यासाठी वाय सोडून अधिक-चिन्हाचा मेझ करावा लागेल. का, ते सांगतो.

वायमध्ये तीन हात आहेत. वेगळं काढायचं तर मुंगळ्याला दुसऱ्या टोकाकडून सोडायला हवं. उजव्या हाताकडून सोडलात तर "डावीकडे वळ" शिकलेला मुंगळा नेहमीच्या प्रवेशाच्या हातात शिरेल, आणि जागा शिकलेला साखरेच्या हातात. इथवर ठीक. पण नेहमीचा प्रवेश म्हणजे घराची वाट! भांबावलेला मुंगळा घरी जायला म्हणूनही तिकडेच वळेल. वळण शिकला म्हणून गेला की घरी निघाला, हे कळणार नाही.

अधिक-चिन्हात चार हात: दक्षिण, उत्तर, पूर्व, पश्चिम. शिकवताना पूल दक्षिणेला, साखर पश्चिमेला, उत्तरेचा हात काढून ठेवलेला. म्हणजे मुंगळ्याला डावीकडे वळावं लागतं. चाचणीच्या फेरीला पूल उत्तरेच्या हाताला लावा आणि दक्षिणेचा हात काढून घ्या. आता डावं वळण त्याला पूर्वेला नेतं आणि साखरेची जागा अजूनही पश्चिमेलाच आहे. पूर्वेला गेला तर वळण, पश्चिमेला गेला तर जागा. घराची वाट या निवडीत येतच नाही. चाचणीत दोन्ही टोकांना नुसतं पाणी, साखर कुठेच नाही. प्रत्येक मुंगळ्याची चाचणी एकदाच, कारण चाचणीत काही मिळालं नाही हेही तो शिकतो.

निम्म्या मुंगळ्यांना पश्चिम शिकवा, निम्म्यांना पूर्व. खिडकी, ऊन, बुंध्याची सावली यांनी एका बाजूची ओढ असेल तर ती अशीच पकडता येते. नुसते आकडे वाढवून ती जात नाही.

उंदरांच्या बाबतीत टोलमनच्या गटाला जागा शिकणारे लवकर शिकताना दिसले. पुढच्या प्रयोगांत उलट निकालही आले, आणि त्याचं कारण खोली होती. भोवती ठळक खुणा असल्या तर जागा सोपी, सगळीकडे एकसारखे पडदे असले तर वळण सोपं. म्हणून अहवालात भोवतालचं वर्णन मोजमापांसह लिहा: बुंधा किती अंतरावर, भिंत कुठे, ऊन कुठल्या बाजूने, वेळ कोणती.

सरावाचा परिणाम तर त्याहून महत्त्वाचा. पॅकार्ड आणि मॅगॉ यांनी १९९६ मध्ये अशाच अधिक-चिन्हाच्या मेझमध्ये उंदरांची चाचणी ८व्या दिवशी घेतली आणि पुन्हा १६व्या दिवशी. ८व्या दिवशी बहुतेक उंदीर जागेकडे गेले, १६व्या दिवशी वळणाकडे. चाचणीआधी मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग औषधाने तात्पुरता बधिर केला की ८व्या दिवशीची जागेची निवड मोडली. १६व्या दिवशी कॉडेट न्यूक्लियस हा मेंदूचा दुसरा भाग बधिर केला तर वळणाची सवय बाजूला झाली आणि जागेची आठवण पुन्हा वर आली. म्हणजे ती पुसली गेलीच नव्हती, सवयीखाली दबली होती. मला या विषयातला हा सगळ्यात सुंदर निकाल वाटतो. तुमच्यासाठी त्याचा अर्थ: एका गटाची चाचणी ३ फेऱ्यांनंतर घ्या, दुसऱ्या गटाची १५ फेऱ्यांनंतर. दोन्ही एकत्र केलेत तर खरा फरक सरासरीत विरून जाईल.

---

आकडेमोड

फक्त आकड्यांबद्दल. नाणं उडवलं तरी १० पैकी ८ किंवा त्याहून जास्त एकाच बाजूला (कुठल्याही) पडण्याची शक्यता जवळपास ११ टक्के आहे. ७ किंवा जास्तची ३४ टक्के. तेव्हा वासाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी दोन्ही दिवसांचे आकडे पुरेसे नाहीत.

२० वेगवेगळे, खूण केलेले मुंगळे घ्या, प्रत्येकाचा एकच निकाल धरा. २० पैकी १५ एका बाजूला आले तर शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास येते, ते स्वीकारता येईल. १४ आले तर ११ टक्क्यांच्या वर, म्हणजे पुन्हा तिथेच. एकाच मुंगळ्याच्या पाच फेऱ्या म्हणजे पाच मुंगळे नव्हेत, ही चूक प्रकल्पांत सर्रास होते.

"निवड" कशाला म्हणायचं तेही आधी ठरवा. चौकापासून २ सें.मी. आत पेन्सिलीची रेघ ओढा, मिशा रेघेपलीकडे गेल्या की निवड झाली. नंतर मागे फिरला तर ते वेगळ्या रकान्यात. मोबाइल वरून सरळ खाली बघेल असा टांगा, आणि व्हिडिओ बघून नोंद करणाऱ्याला त्या मुंगळ्याला कुठली बाजू शिकवली होती ते सांगू नका.

---

टिटवी

सगळ्यांचे मनापासून आभार. अधिक-चिन्हाचा मेझ ऍक्रिलिकमध्ये कापून घेतोय, हात १४ सें.मी.चे. दोन प्रश्न उरले. मुंगळ्याला एकूण किती फेऱ्या द्यायच्या? आणि निकाल "जागा" आला तर मुंगळ्याच्या डोक्यात नकाशा असतो असं लिहायचं का? उंदरांच्या प्रयोगांशी तुलनेचं एक प्रकरण लिहायचंय, त्यात काय घ्यावं?

---

वारूळ

फेऱ्या फार लागत नाहीत. युरोपातल्या काळ्या बागमुंगीवर असाच कागद बदलून प्रयोग झालाय. एका फेरीनंतर सुमारे तीन चतुर्थांश मुंग्या योग्य हाताकडे गेल्या, तीन फेऱ्यांनंतर नव्वद टक्क्यांहून जास्त. आणि आठवण एकीकडे, दुसऱ्यांच्या वासाचा माग दुसरीकडे अशी गाठ घातली तेव्हा बहुतेकींनी स्वतःच्या आठवणीचं ऐकलं. आपला मुंगळा वेगळ्या जातीचा आहे, तेव्हा आकडा तोच येईल असं धरू नका, पण तीनपासून सुरुवात योग्य.

तुमच्याकडचे जुने कागद टाकू नका, त्यांच्यावर वेगळा छोटा प्रयोग होतो. भरपूर ये-जा झालेली पट्टी चुकीच्या हातावर लावा आणि शिकलेला मुंगळा काय करतो ते बघा. मात्र पट्टी लगेच वापरा, माग हळूहळू उडून जातो.

कागदाचा हिशेब: ए-फोरच्या एका पानातून १४ बाय २ सें.मी.च्या २० पट्ट्या निघतात. शिकवताना मेझला तीन हात असतात, म्हणजे एका फेरीला तीन पट्ट्या. चौकाच्या तुकड्यांसाठी वेगळं पान ठेवा.

एका वेळी पुलावर एकच मुंगळा हवा. पुलाचा मधला तुकडा उचलता येईल असा ठेवा, खुणेचा मुंगळा आला की जोडायचा, गेला की उचलायचा. पोट रिकामं करून परत यायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो, तेव्हा चार-पाच रंगांचे मुंगळे आलटून पालटून चालू ठेवा, नाहीतर दिवसभरात दोनच पूर्ण होतील.

---

दादर_टीटी

"नकाशा" लिहू नका. हे आग्रहाने सांगतो, कारण पुरावा तिथवर पोचत नाही.

मुंगी तीन वेगळ्या साधनांनी वाट काढू शकते आणि तिन्ही तुमच्या मेझमध्ये "जागा" असाच निकाल देऊ शकतात. एक, आपण किती चाललो आणि कुठल्या दिशेला, याची चालता चालता बेरीज. सहारातल्या वाळवंटी मुंग्यांवर २००६ मध्ये झालेला प्रयोग बघा. १० मीटर अंतर चालून अन्नापाशी पोचलेल्या मुंग्यांच्या पायांना डुकराच्या राठ केसांच्या काठ्या चिकटवून पाय लांब केले, तर परतताना त्या सुमारे १५ मीटरवर जाऊन घर शोधू लागल्या. पाय आखूड केलेल्या ६ मीटरच्या आतच थांबल्या. पावलं मोजली जातात, दुसरा अर्थ निघत नाही. दिशा त्या सूर्यावरून आणि आकाशातल्या ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशावरून धरतात. दोन, डोळ्यांसमोरचं दृश्य आठवणीतल्या दृश्याशी जुळवणं. तीन, वास, तो तुम्ही कागद बदलून काढून टाकलात.

पहिल्या दोघांना वेगळं करता येतं. मेझभोवती पांढऱ्या चार्ट पेपरचं ६० सें.मी. उंच कडं उभारा, आतून एका बाजूला काळ्या कागदाचा मोठा त्रिकोण आणि समोरच्या बाजूला काळा आडवा पट्टा चिकटवा. वरून बटर पेपर ताणून लावा, म्हणजे उजेड येईल पण सूर्य आणि आकाशाची खूण दिसणार नाही. कडं जमिनीला न टेकता स्टुलाला बांधा, नाहीतर मुंगळे त्यावरून मेझवर चढतील. चाचणीच्या फेरीत मेझ आणि पूल तसाच ठेवून कडं १८० अंशांनी फिरवा. निवड कड्याबरोबर फिरली तर मुंगळा दृश्य वापरतोय. प्राणिवर्तनाचा अभ्यासक टिनबर्गन याने १९३०च्या दशकात गांधीलमाशीच्या एका जातीवर हेच केलं होतं: बिळाभोवती पाइनच्या फळांचं कडं ठेवलं, माशी बाहेर गेल्यावर ते बाजूला सरकवलं, आणि परतलेली माशी कड्याच्या मध्यात घर शोधत राहिली. बीळ तिथून थोड्याच अंतरावर होतं.

तुलनेच्या प्रकरणासाठी दोन गोष्टी घ्या. पहिली, टोलमन आणि हॉन्झिक, १९३०. एका गटाला मेझमध्ये दहा दिवस काहीच खायला मिळत नाही, ११व्या दिवशी मिळतं, आणि लगेच पुढच्या दिवशी त्यांच्या चुका रोज खाणं मिळालेल्या गटाइतक्या खाली येतात. मेझ ते आधीच शिकले होते, दाखवायला कारण नव्हतं. दुसरी, रिचर्ड मॉरिसचा १९८१चा पाण्याचा मेझ. मोठा गोल हौद, पाणी गढूळ केलेलं, त्यात पृष्ठभागाच्या एक-दोन सें.मी. खाली लपलेला छोटा चौथरा. उंदीर दरवेळी वेगळ्या काठावरून सोडायचा, म्हणजे वळणाची सवय कामाला येतच नाही. शेवटी चौथरा काढून घेऊन मोजायचं की उंदीर चौथऱ्याच्या चतकोरात किती वेळ पोहतो. नशिबावर २५ टक्के, त्याहून बरंच जास्त आलं तर जागेची आठवण. नुसतं "लवकर पोचायला लागला" यावर निष्कर्ष काढता येत नाही, कारण काठापासून ठराविक अंतरावर गोल गोल पोहूनही चौथरा लवकर सापडतो. तुमची साखरेविना चाचणी तीच आहे.

सस्तन प्राण्यांत या आठवणीची जागा बरीच नेमकी माहीत आहे: ठराविक ठिकाणी गेल्यावरच पेटणाऱ्या पेशी १९७१ मध्ये हिप्पोकॅम्पसमध्ये सापडल्या, जाळीसारख्या समान अंतरांवर पेटणाऱ्या २००५ मध्ये त्याच्या शेजारच्या भागात, आणि या शोधांसाठी २०१४ चं नोबेल ओकीफ आणि मोझर दांपत्याला मिळालं. मुंगीला हिप्पोकॅम्पस नाही, तिच्यात हे काम वेगळ्या रचना करतात. एकाच परिच्छेदात दोघांची सरमिसळ करू नका.

---

परळ_चाळ

विषय उंदरांवर आलाच आहे तर एक घरगुती शंका. गाळ्यात पिंजरा लावला की पहिले तीन-चार दिवस उंदीर फिरकत नाही, जागा बदलली की पुन्हा तेच. हे वाट शिकण्याशी संबंधित आहे का?

---

दादर_टीटी

थेट. उंदीर अंधारात भिंतीला मिशा घासत ठरलेल्या वाटेने पळतो आणि ती वाट अंगात इतकी भिनते की तो पुढचं तपासतही नाही. वॉटसन आणि कार यांनी १९०७ मध्ये ओळखीच्या मेझचा एक रस्ता आखूड केला, तर उंदीर पूर्ण वेगात समोरच्या भिंतीवर आदळले. पण त्याच वाटेत नवी वस्तू दिसली तर काही दिवस टाळतात, मोठे उंदीर विशेष. म्हणून पिंजरा भिंतीला लागून, तोंड उंदराच्या वाटेवर येईल असा ठेवा. वाट कुठली ते भिंतीच्या पायथ्याशी तेलकट काळसर पट्ट्यावरून कळतं. आत खाणं ठेवा पण दार बांधून उघडं ठेवा. खाणं लागोपाठ दोन-तीन रात्री संपलं की मगच दार चालू करा. मधेच जागा बदललीत तर ती पुन्हा नवी वस्तू झाली, दिवस पहिल्यापासून मोजायचे.

टिटवी, यावरून उंदरांवर काही करून बघायचा मोह झाला तर थांबा. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली संस्थेची नोंदणी आणि प्राणी-नीती समितीची मंजुरी लागते, साध्या मेझसाठीसुद्धा. कॉलेजने कणा असलेला प्राणी नको म्हटलं ते योग्यच.

---

टिटवी

कडं फिरवायची चाचणी आणि पूल उत्तरेला लावायची चाचणी एकाच मुंगळ्यावर घ्यायची का?

---

वारूळ

नाही. दोन्हींसाठी वेगळे २०-२० मुंगळे. आणि कडं पहिल्या शिकवणीपासूनच उभं हवं, चाचणीच्या दिवशी नव्याने आणलं तर मुंगळा त्यालाच बिचकतो. जोडीला तिसरा गट ठेवा: कडं उचलायचं, हलवायचं आणि पुन्हा होतं तसंच ठेवायचं. त्या गटाची निवड बिघडली तर दोष फिरवण्याचा नाही, धक्क्याचा.